२२५० कॅलरींपासून ८४ ग्रॅम प्रथिनांपर्यंत

१९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी त्यांची रेषा होती. आज त्याच पुण्यात वजन उतरवायला निघालेला माणूस मोबाइलमध्ये १६०० चा आकडा टाकतो आणि त्याच्या आत राहायला धडपडतो. तेव्हा कॅलरींचा आकडा गाठायचा होता, आता तो ओलांडायचा नाही. भूक सगळीकडून हटलेली नाही, तरी ठरवून कमी खाणाऱ्यांचा असा वर्ग तेव्हा कुणाच्या गणतीत नव्हता.

त्याच काळातला प्रथिनांचा वाद आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जगावर प्रथिनांचं संकट येऊ घातल्याचा इशारा दिला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तेव्हा जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. त्यांनी हे मत खोडून काढलं. धान्य आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनं बहुधा पुरतात. पोटच भरलं नाही तर शरीर खाल्लेली प्रथिनंसुद्धा इंधन म्हणून जाळतं, म्हणून आधी कॅलरी, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या काही वर्षांत जगाला ते बरंचसं पटलं.

वजन कमी करणाऱ्याने सुखात्म्यांचं हे म्हणणं दुसऱ्या बाजूने वाचायला हवं. तो स्वतःहून कॅलरी तोडतो, म्हणजे त्याचीही प्रथिनं जळणार आणि स्नायू झिजणार. कॅलरी कमी केल्या की प्रथिनं वाढवावी लागतात, ती याचसाठी.

पाश्चात्त्य देशांत मात्र भांडण वेगळंच रंगलं. १९७२ मध्ये अ‍ॅटकिन्स या अमेरिकी डॉक्टरने कर्बोदकांना दोषी ठरवलं. १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने चरबी कमी करून कर्बोदकं वाढवायला सांगितली. या ओढाताणीत पिढ्या गेल्या. २००९ मध्ये ८११ जणांवर दोन वर्षं चाललेल्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. चरबी, प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या वेगवेगळ्या प्रमाणांचे चार आहार होते, आणि चारही गटांत वजन सारखंच उतरलं. २०१८ मध्ये ६०९ जणांवरच्या दुसऱ्या चाचणीतही कमी चरबी आणि कमी कर्बोदकं यांत विशेष फरक दिसला नाही. टक्केवारीवरून घरोघरी होणाऱ्या वादाला एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

पण वजन उतरलं तरी नेमकं काय उतरलं, हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. मुळात स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी ठेवण आपल्याकडे पुष्कळांची असते. अशा शरीरातून आणखी स्नायू गेलेले परवडत नाहीत.

म्हणून हिशोब प्रथिनांपासून सुरू करावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, पण ती पुरेसं खाणाऱ्या निरोगी माणसासाठी. कॅलरी तोडताना १.२ ग्रॅम धरावेत. ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम, म्हणजे ३३६ कॅलरी. १६०० पैकी पाव हिस्सा चरबीला, साधारण ४५ ग्रॅम. त्यात फोडणीचं तेल, तूप आणि दाण्याचं कूटही आलं, कारण शेंगदाण्यात जवळपास निम्मी चरबीच असते. उरलेल्या कॅलरींत सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेर कर्बोदकं बसतात. भाकरी सोडायची गरज नाही.

अडचण येते ती ताटात. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर आमटी, भाजी आणि भात असं दोन वेळा जेवलं तर १६०० कॅलरी तिथेच संपतात आणि प्रथिनं पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमवर थांबतात. वरून काही वाढवायला जागा नसते, अदलाबदल करावी लागते. ५० ग्रॅम तांदळाऐवजी तेवढीच मटकी भिजवून उसळ केली तर कॅलरी तितक्याच राहतात आणि प्रथिनं चारची अकरा ग्रॅम होतात. एका भाकरीच्या जागी दोन अंडी, पनीर, सोयाबीनच्या वड्या किंवा मासे घेतले की उरलेली तूट बरीचशी भरते. उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. त्या दिवशी दही आणि दूध विसरू नये.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हे आकडे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नयेत. बाकीच्यांनी आठवडाभर आपल्या ताटातली प्रथिनं मोजून पाहावीत आणि भात किती कमी करायचा ते त्यानंतर ठरवावं.