काळ्या पाषाणाच्या मुलखात शंखजिरे

महाड-पोलादपूरकडे कुठेही कुदळ मारा, आधी लागतो मुरूम आणि मग काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. गांधारपाल्याची लेणी खोदणाऱ्यांनी याच्याशीच झुंज घेतली आणि आजचे क्रशरवालेही हाच फोडून खडी करतात. शंखजिरे, म्हणजे टाल्क, इथे सापडायचे नाही. त्याला मॅग्नेशियमने भरलेला खडक लागतो, आणि तो जमिनीखाली उष्णता, दाब व पाणी यांच्या तावडीत दीर्घकाळ राहावा लागतो. इथला बेसाल्ट त्या फेऱ्यातून गेलेलाच नाही. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग-भंडाऱ्याकडे शंखजिरे थोडेफार आहे. देशातले मोठे साठे राजस्थान आणि उत्तराखंडात.

तरी या दोन तालुक्यांचे त्याच्यावाचून पान हलत नाही. पोलादपूरला, आंबेनळी घाट चढण्याआधी, पंक्चरच्या दुकानात थांबलेला ट्रक बघावा. ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे शोधले, पॅच बसला, ट्यूब पुसून कोरडी झाली, की पंक्चरवाला शंखजिऱ्याची मूठभर पांढरी पावडर तिच्यावर चोळतो आणि उरलेली टायरच्या आत भुरभुरतो. ही पावडर नसली तर तापलेली ट्यूब टायरला चिकटते, दुमडते आणि घासून फाटते. ट्यूबलेस टायर आल्यापासून हे दृश्य कमी झाले आहे, पण संपलेले नाही.

चोळणाऱ्याच्या बोटांना जो गुळगुळीतपणा लागतो, त्याचे कारण आतल्या रचनेत आहे. सिलिकाच्या दोन पदरांमध्ये मॅग्नेशियमचा एक पदर, असे तिपदरी पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पापुद्र्याच्या आतले बंध पक्के, पण दोन पापुद्र्यांमधली ओढ अगदी क्षीण; म्हणून जरा दाबले की ते एकमेकांवरून सरकतात. फ्रीडरिश मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची शिडी मांडली, तेव्हा हिऱ्याला १० आणि शंखजिऱ्याला १ क्रमांक दिला. आपल्या नखाचा कठीणपणा अडीचच्या आसपास, त्यामुळे नखानेही त्यावर ओरखडा उठतो.

आणखी एक गुण म्हणजे ते पाण्याशी फटकून वागते आणि तेलकट, चिकट पदार्थांशी मात्र त्याचे जमते. कागद कारखान्यात लगद्यातली राळ यंत्रांना चिकटून डाग पाडते. शंखजिरे तिला आधीच धरून ठेवते. कोकणात याहून कामाचा उपयोग रंगातला. महाडला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. ग्रिलवर लावलेल्या प्रायमरमध्ये शंखजिऱ्याच्या चपट्या चकत्या कौलांसारख्या आडव्या, एकमेकींवर चढून बसतात. पाण्याला लोखंडापर्यंत पोचायला वळसे घालावे लागतात आणि गंज लांबतो. रंगाचे श्रेय आपण रंगद्रव्याला देतो, ही राबणारी पावडर कोणाच्या खिजगणतीत नसते!

महामार्गावरून जाणाऱ्या मोटारींतही ती भरलेली आहे. डॅशबोर्ड-बंपरच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये वजनाच्या २० ते ४० टक्क्यांपर्यंत शंखजिरे घालता येते; प्लास्टिक ताठ राहते आणि उन्हात सहजी वाकत नाही. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची असते. शंखजिरे, चिनी माती आणि अॅल्युमिना भाजून ते तयार होते. तापून लाल झाले तरी ते फारसे प्रसरण पावत नाही, म्हणून तडकत नाही. नखाने खरवडला जाणारा दगड भट्टीतून असा कणखर होऊन निघतो, हे मला या सगळ्यात नवलाचे वाटते.

औषधाच्या गोळीतही ते असते. महाडच्या एमआयडीसीत विनती ऑरगॅनिक्सचा कारखाना आयसोब्युटिल बेंझिन बनवतो. आयबुप्रोफेनची सुरुवात या द्रवापासून होते. पुढे गोळ्या पाडताना भुकटी साच्यात सुरळीत उतरावी, यंत्राला चिकटू नये म्हणून बऱ्याच औषधांत किंचित शंखजिरे मिसळतात. ते औषधात विरत नाही की त्याच्याशी कसली प्रक्रिया करत नाही; नेमके म्हणूनच ते चालते.

हाच स्वभाव भेसळवाल्यांच्याही सोयीचा. हिंगात त्याची पूड खपवतात. चिमूटभर हिंग पाण्यात हलवून ठेवावे: चांगले हिंग दुधासारखे मिसळते, दगडाची पूड तळाला बसते.

शंखजिऱ्यात मिसळलेले अॅस्बेस्टॉस मात्र असे घरी तपासता येत नाही. काही खाणींत ते शंखजिऱ्याच्या शेजारीच आढळते, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर घात करतात. म्हणून औषध-प्रसाधनांच्या मालात ते नसल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करावी लागते. जॉन्सन अँड जॉन्सनने खटल्यांच्या गराड्यात २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर शंखजिऱ्याची बेबी पावडर थांबवून मक्याच्या स्टार्चची आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली शंखजिऱ्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. बाळाच्या अंगाला ते लावायची आता गरज नाही. पंक्चरच्या दुकानात दिवसभर ती धूळ उडवणाऱ्या पोराच्या नाकावरही निदान रुमाल हवा. रंगाच्या, रबराच्या कारखान्यात गोणी रिकाम्या करणाऱ्याला तर चांगला मास्कच द्यायला हवा.