बोट माझं, फोन माझा... मग किल्ली कुणाची?

भंडाऱ्याच्या पोरांना ५३ म्हटलं की हायवे आठवतो. गुजरातेतून येऊन नागपूर, भंडारा, रायपूर करत ओडिशापर्यंत जाणारा, पूर्वीचा सहा नंबर. पण २०१६ साली जगभरच्या आयफोनवाल्यांना हाच आकडा भलत्याच कारणाने पाठ झाला.

झालं असं की आयफोन ६ चं होम बटण किंवा स्क्रीन काही लोकांनी बाहेरच्या दुकानात बदलून घेतली होती. फोन मस्त चालू होता. मग त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि स्क्रीनवर आलं ‘एरर ५३’. संपलं! फोन म्हणजे नुसता डबा, फोटो आणि नंबर आतच अडकले. आधी अ‍ॅपलने सांगितलं की हे ग्राहकांच्या सुरक्षेसाठी आहे. बोंबाबोंब झाल्यावर १८ फेब्रुवारी २०१६ ला कंपनीने माफी मागितली, फोन जिवंत करणारं अपडेट दिलं आणि म्हटलं की ही तपासणी मुळात कारखान्यातल्या टेस्टसाठी होती. फोन सुरू झाले, पण बाहेर बदललेल्या बटणाचं फिंगरप्रिंट बंद ते बंदच.

आता प्रश्न असा की साधं बटण बदललं तर फोनला एवढा राग का यावा?

त्याचं उत्तर इंजिनीअरिंगचं आहे, आणि ते खोटं नाही. होम बटणाखाली सेन्सर असतो. तुमच्या बोटाचा फोटो फोन साठवत नाही, रेघांवरून काढलेलं एक गणिती रूप साठवतो. ते राहतं प्रोसेसरच्या आतल्या एका वेगळ्या कप्प्यात, ज्याला अ‍ॅपल ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ म्हणते. सेन्सरकडून कप्प्याकडे माहिती मुख्य प्रोसेसरमधूनच जाते, पण कुलूपबंद. म्हणजे पोस्टमन पाकीट नेतो, उघडू शकत नाही. या कुलपाची किल्ली कारखान्यातच ठरते आणि प्रत्येक सेन्सर-कप्प्याच्या जोडीसाठी ती वेगळी असते. थोडक्यात, लग्न लागलेलं असतं. नवा सेन्सर आला की कप्पा म्हणतो, आपण कोण? मी ओळखत नाही.

आणि ओळखू नये हेच बरोबर. समजा कुणी असा सेन्सर बसवला जो तुमच्या बोटाचा सिग्नल गुपचूप साठवतो आणि नंतर तोच पुन्हा पाठवतो, तर तुमच्याशिवाय फोन उघडेल. ही नुसती सिनेमातली कल्पना वाटत असेल तर ऐका: २०१७ मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी बदली टचस्क्रीनमध्ये खोडसाळ चिप घालून अँड्रॉइड फोनवर हल्ला करून दाखवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर एनपीसीआयने यूपीआयला पिनऐवजी फोनवरचं बोट किंवा चेहरा चालण्याची सोय जाहीर केली. म्हणजे आता बोटामागे मेसचे पैसेसुद्धा आले.

पण माझा आक्षेप पुढे आहे. सेन्सर अनोळखी वाटला तर फिंगरप्रिंट बंद करा, पासकोड मागा, ठीक. अख्खा फोन का मारायचा? दाराचं एक कुलूप बिघडलं म्हणून कुणी घर पाडत नाही. आणि दुसरं, नवीन जोडी जुळवून देणारं सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्याच हातात का? ज्याचा फोन आहे, ज्याला पासकोड माहीत आहे, त्याने स्वतः ‘हो, जोड’ म्हटलं तर सुरक्षेचं काय बिघडतं? गूगलने पिक्सेल फोनसाठी हेच केलंय. स्क्रीन बदलल्यावर फिंगरप्रिंट कॅलिब्रेट करायचं टूल त्यांनी सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. अ‍ॅपलनेही एप्रिल २०२४ मध्ये आयफोन १५ पासून पुढच्या मॉडेलमध्ये जुने पण अस्सल पार्ट, बायोमेट्रिक सेन्सरसकट, चालतील असं जाहीर केलं. जे २०१६ ला ‘सुरक्षेमुळे अशक्य’ वाटत होतं ते आठ वर्षांत शक्य झालं. गंमत आहे ना?

हॉस्टेलवर आयफोनवाले थोडेच, पण दुखणं आपलंही आहे. आमच्या विंगमधल्या एकाने फुटलेला डिस्प्ले (दुकानात त्याला ‘फोल्डर’ म्हणतात) बदलला आणि फिंगरप्रिंट गेलं. तो दुकानदाराला शिव्या देत होता, बाकीचे कंपनीला. माझ्या मते त्यात दोघांचाही दोष नव्हता, फिजिक्सचा होता! स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर बोटावरून परतलेला उजेड स्क्रीनमधूनच पाहतो. ओएलईडी स्क्रीनमधून तो उजेड थोडा आत जातो. स्वस्तातल्या डुप्लिकेट एलसीडी फोल्डरमागे बॅकलाइटचा थर असतो, तिथे तो अडतो. त्यामुळे प्रत्येक वेळी कंपनीचा कट शोधू नये. कुठे किल्ली आडवी येते, कुठे उजेड. हे दोन्ही वेगळं करून सांगणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका.

आणि दुकानाचा विषय निघालाच आहे तर खरं भोक कुठे आहे तेही सांगतो. आपण फोन दुरुस्तीला देतो तेव्हा भाऊ विचारतो, ‘पॅटर्न काय?’ आपण सांगतो. तो चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीवर चिकटवतो! आत एवढं गणित आणि बाहेर चिठ्ठीवर नऊ ठिपके. सॅमसंगने २०२२ मध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणला, पिक्सेलमध्ये डिसेंबर २०२३ पासून ‘रिपेअर मोड’ आहे. तो लावला की दुकानदाराला फोन तपासता येतो, तुमचे फोटो-मेसेज दिसत नाहीत. असा उपाय असेल तर बाहेरची दुकानं असुरक्षित म्हणून कुलूप लावा, या युक्तिवादात दम राहत नाही.

कायद्याचं काय? ऑस्ट्रेलियात किमान २७५ ग्राहकांना अ‍ॅपलने सांगितलं होतं की बाहेर दुरुस्ती केली म्हणून आता दाद मिळणार नाही. जून २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. बाहेर स्क्रीन बदलल्याने ग्राहकाचा कायदेशीर हक्क आपोआप जात नाही, हा त्याचा अर्थ. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्यात पार्टची अशी सक्तीची जोडी लावण्यावरच बंदी आणली.

आपणही मागे नव्हतो बरं का! २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण स्पेअर पार्ट आणि तपासणीची टूल्स त्या बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या. कंपन्यांचा बचाव काय होता? सुरक्षा आणि बौद्धिक संपदा! पुढे अपिलं झाली, पण गाडीच्या जागी फोन लिहा, प्रकरण तेच. फोनसाठी ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं आणि मे २०२५ मध्ये मोबाइल-टॅब्लेटना दुरुस्तीसोपेपणाचे गुण देण्याबाबतचा अहवाल आला. रॅमला मार्क, कॅमेऱ्याला मार्क, तसे स्क्रूड्रायव्हरलाही मार्क! खोक्यावर ते छापून आले तर मी आधी तेच वाचीन, मेगापिक्सेल नंतर.

तोवर भंडाऱ्यातून दुरुस्तीसाठी नागपूर गाठायचं तर जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, एक दिवस आणि एक बुडलेलं प्रॅक्टिकल. त्यापेक्षा चौकातल्या दुकानात जाणार असाल तर फोल्डर ओएलईडी आहे की एलसीडी ते आधी विचारा, फिंगरप्रिंट चालेल का ते बिलावर लिहून घ्या, बॅकअप काढा, मेंटेनन्स मोड लावा. तो मोड नसेल तर निदान पॅटर्न तरी बदलून द्या, आणि फोन परत मिळाला की पुन्हा बदला. चिठ्ठी फोनबरोबर परत मागायला विसरू नका.