धुळीला मज्जाव
 हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पात भागीदार असलेली इंदूरची राजा रामण्णा संस्था कणांना वेग देणाऱ्या कणत्वरकांसाठी नायोबियम धातूच्या पोकळ्याही बनवते. अशी पोकळी उणे 271 अंशांपर्यंत गार करून अतिवाहक, म्हणजे विजेला जवळपास विरोध न करणारी, बनवतात आणि तिच्यात प्रचंड विद्युतक्षेत्र उभं करतात. आत धुळीचा एखादा कण जरी राहिला, तरी त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, उष्णता वाढते आणि अतिवाहकता मोडू शकते. म्हणून पोकळी अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात आणि जोडणी क्लीनरूममध्येच करतात. आयएसओ 4 दर्जाच्या खोलीत घनमीटरभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण फार तर 352. आणि धूळ सोडण्यात पहिला नंबर कोणाचा? माणसाचाच! म्हणून आत जाताना नखशिखांत झाकून घ्यावं लागतं. साधा कागदही नेता येत नाही. त्याचे तंतू झडतात.