केमवाल्याची कात्रजवारी आणि एक जादा स्टेशन

मी केमचा. कुंकवाचं गाव. पुण्यात रेल्वेतून उतरलो की मेट्रो, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलायची. तिथलं स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल. सरकते जिने संपता संपत नाहीत! मग स्वारगेट. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो तिथवर धावते. पुढे आत्याच्या बालाजीनगरला मात्र पिशव्या सांभाळत बस.

हीच लाईन आता कात्रजपर्यंत भुयारातून वाढतेय: ५.४६ किमी. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च २,९५४ कोटी. पण मूळ आराखड्यात स्टेशनं तीनच! बालाजीनगरकरांनी स्टेशनची मागणी लावून धरली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्टेशनं वाढवली, कात्रजचं स्टेशनही थोडं दक्षिणेला सरकवलं. जादा खर्च ६८३ कोटी. महाग? हो. पण भुयारातलं स्टेशन मागाहून घुसवणं जवळपास अशक्य, त्यामुळे लोकांशी बोलायचं ते खोदाईआधीच. खरं तर त्याही आधी, आराखडा कागदावर असतानाच.

आत्या विचारते, "अरे, जिना माझ्या गल्लीच्या तोंडाशी येईल का?" नकाशा मिळाला की सांगतो, आत्या.