रजोनिवृत्ती : वाफा थांबल्या, तरी हाडांची झीज सुरूच

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि स्त्रीच्या शरीरात दोन निरनिराळे बदल सुरू होतात. मेंदूतील तापमान-नियंत्रण विस्कळीत होऊन अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो. हे तिला तत्काळ जाणवते. हाडांतील कॅल्शियमची झीज मात्र बहुधा अस्थिभंग होईपर्यंत लक्षातच येत नाही.

इस्ट्रोजेनयुक्त संप्रेरक उपचार या दोन्हींवर गुणकारी ठरतात; परंतु स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांना ते सहसा दिले जात नाहीत. स्टेरॉइड नसलेले पर्याय उपलब्ध आहेत, तथापि प्रत्येकाचे कार्यक्षेत्र मर्यादित आहे.

रॅलॉक्सिफेन हाडांवर इस्ट्रोजेनप्रमाणे कार्य करून हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते आणि मणक्यांच्या अस्थिभंगाचा धोका कमी करते. गंमत अशी, की याच औषधाने वाफांचा त्रास वाढू शकतो. शिवाय रक्तात गुठळ्या होण्याची शक्यताही वाढते. याउलट, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये मान्यता दिलेले फेझोलिनेटंट मेंदूतील न्यूरोकिनिन-३ ग्राही रोखून वाफा कमी करते. हाडांचे संरक्षण हे त्याचे कार्य नाही. त्याच्या वेष्टनावर डिसेंबर २०२४ पासून यकृताच्या गंभीर इजेचा ठळक इशारा असून यकृताच्या नियमित चाचण्या आवश्यक आहेत.

केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांनीही ही झीज थांबत नाही. कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. हाडांची स्थिती कळते ती डेक्सा तपासणीतून, वाफा कमी झाल्यावरून नव्हे.