आपल्याला बातम्या देत आहे…

बातमीपत्राच्या पानांना टाचणी लावायची नसते. आकाशवाणीच्या स्टुडिओत पहिल्याच दिवशी मी हे शिकले. पानं सुटी ठेवायची आणि वाचून झालेलं पान उचलायचं नाही, अलगद डावीकडे सरकवायचं. उचललं की कागद कुरकुरतो आणि ती कुरकुर थेट लोकांच्या स्वयंपाकघरात पोचते. शेवटच्या दोन मिनिटांत दार न वाजवता कुणीतरी आत येतं आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी समोर ठेवून जातं. कुठे धरणाचं पाणी सोडलेलं असतं, कुठे कुणी गेलेलं असतं. ती चिठ्ठी आपणही पहिल्यांदाच वाचत असतो, पण ऐकणाऱ्याला ते कळता कामा नये.

काही वर्षं मी एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते. आमच्यात त्याला नुसतं ‘कॅज्युअल’ म्हणतात. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या, आवाजाची चाचणी, ‘वाणी’ हे उद्घोषकांचं प्रशिक्षण, आणि प्रत्येक ड्यूटीचा वेगळा करार. पहाटेच्या सभेसाठी, म्हणजे प्रसारणाच्या पहिल्या सत्रासाठी, केंद्राची गाडी साडेचारला दारात यायची. पाच पंचावन्नला संकेतधून, मग वंदे मातरम्, मग मंगलवाद्य. प्रत्येक नोंद लॉगबुकात. कोणती ध्वनिफीत किती वाजून किती मिनिटांनी लागली, किती सेकंद शांतता गेली, ड्यूटीवर कोण होतं. त्या लॉगबुकाकडे मी शेवटी परत येणार आहे.

ती संकेतधून महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानात आहे, पण ती बांधणारा माणूस मुंबईत आश्रयाला आलेला ज्यू संगीतकार होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. वॉल्टर काउफमान 1934 मध्ये मुंबईत आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागला. तंबोरा आणि व्हायोलिनची ती शिवरंजनीच्या अंगाने जाणारी धून त्याची. रोज पहाटे लाखो लोकांनी ऐकलेली रचना आणि तिच्या कर्त्याचं नाव कधीच उच्चारलेलं नाही. प्रसारणाच्या धंद्यात हे असंच चालत आलं आहे.

मुंबईत 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि 1936 मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. नागपूर केंद्र 1948 चं, पुण्याचं 1953 चं, सांगलीचं 1963 चं. ही जंत्री एवढ्यासाठी दिली की या प्रत्येक तारखेबरोबर त्या त्या भागाला स्वतःचा आवाज मिळाला. सांगलीच्या केंद्रावर कोल्हापूरकडची माणसं आपली भाषा ऐकायची आणि नागपूरच्या केंद्रावर वऱ्हाडातली. मुंबईहून येणारा आवाज पाहुण्याचा, इथला घरचा.

घरचा आवाज म्हटलं की पुण्याच्या सुधा नरवणे आठवतात. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या. ‘आकाशवाणी पुणे, सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे.’ या एका वाक्यावर कितीतरी घरांतली घड्याळं लागायची, पोरांच्या वेण्या घातल्या जायच्या, पुरुषांची दाढी उरकायची. सुधाताई कथालेखिकाही होत्या. त्यांचे चिरंजीव जनरल मनोज नरवणे पुढे लष्करप्रमुख झाले, तेव्हा जुन्या श्रोत्यांनी त्यांची ओळख आधी ‘बातम्या देणाऱ्या नरवणेबाईंचा मुलगा’ अशीच सांगितली. मला हे फार मोलाचं वाटतं.

‘देत आहे’ या क्रियापदाकडे जरा थांबून पाहायला हवं. बातम्या ‘वाचत आहे’ असं म्हटलं असतं तरी चाललं असतं, कारण कागद समोर असतोच. पण ‘देणं’ म्हटलं की घेणारा समोर आला. जुन्या निवेदकांच्या वाचनात तो समोरचा माणूस सतत जाणवायचा. स्वर चढवायचा नाही, दुःखाच्या बातमीत रडायचं नाही, आणि निवडणुकीच्या निकालात आपला कल कुणाला कळू द्यायचा नाही. मी शिकत असताना एक ज्येष्ठ निवेदक सांगायचे, ‘बाई, एका माणसाला सांगा. लाखांना सांगायला गेलात की ओरडायला लागाल.’

आणि उच्चार! मराठीत च, ज, झ लिहायचे एकाच अक्षराने आणि उच्चारायचे दोन तऱ्हांनी. चाळीसगावातला च तालव्य, चाळीतला दंत्य. चंद्रपूरचा वेगळा, चांदवडचा वेगळा. जळगाव आणि जुन्नर म्हणताना जीभ दातांना लागली नाही, तर तिथला माणूस लगेच ओळखतो की हा आपल्याकडचा नाही. शाळेत हे कुणी शिकवत नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हे कानांनी शिकवलं ते रेडिओने. एका गावाचं नाव मी एकदा चुकीचं घेतलं होतं. चौथ्या दिवशी केंद्रावर पोस्टकार्ड आलं, त्यावर एवढंच होतं: ‘आमच्या गावाचं नाव असं आहे.’ खाली नाव मोठ्या अक्षरांत, ज्या अक्षरावर जोर द्यायचा त्याखाली दोन रेघा. ते कार्ड मी कितीतरी दिवस पर्समध्ये ठेवलं होतं.

उच्चाराइतकीच शब्दांची अडचण बाळ ज. पंडितांपुढे होती. स्वतः रणजी खेळलेला हा पुणेकर मराठीतला पहिला क्रिकेट समालोचक. फलंदाज, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण हे शब्द छापायला सोपे, कारण छापणाऱ्याला घाई नसते. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत पोचतो तेवढ्यात ते शब्द तोंडातून बाहेर पडले पाहिजेत, आणि ऐकणाऱ्याला मैदान दिसलं पाहिजे. क्रिकेट म्हणजे इंग्रजी कॉमेंट्री असं ज्या काळी ठरलेलं होतं, त्या काळी त्यांनी शेताच्या बांधावर ट्रान्झिस्टर घेऊन बसलेल्या माणसाला सामना दाखवला.

लेखक मंडळींचं आकाशवाणीशी असलेलं नातं आपण नेहमी उलट्या बाजूने सांगतो. ‘बनगरवाडी’ लिहिणाऱ्या व्यंकटेश माडगूळकरांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात काढली, हे आपण त्यांच्या चरित्रातली तळटीप म्हणून वाचतो. माणदेश ज्याने कथेत आणला त्याने शेतकऱ्यांसाठी रोजचे कार्यक्रमही तितक्याच निष्ठेने केले. माझ्या लेखी ती तळटीप नाही. मंगेश पाडगावकर, यशवंत देव, रवींद्र पिंगे ही सगळी माणसं मुंबई आकाशवाणीच्या नोकरीत होती. ‘गीतरामायणा’चंच पाहा. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून पहिलं गीत गेलं आणि वर्षभरात 56 गीतं झाली. गदिमा आणि सुधीर फडके ही नावं घरोघरी पोचली, ती पोचायलाच हवी होती. पण आठवड्याला एक नवं गीत मिळवायचं, चाल, गायक, वादक, ध्वनिमुद्रण हे सगळं प्रसारणाच्या वेळेआधी जमवायचं, आणि वर्षभर एकदाही मोडू द्यायचं नाही, हा घाट घातला केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी. ते नाव किती जणांना आठवतं?

मुंबई केंद्रावरच्या बाळ कुडतरकरांचं मात्र लोकांनी कौतुक केलं, कारण त्यांनी कौतुक टाळायला जागाच ठेवली नाही. ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत म्हणजे कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन माणसं, एक घर, महागाई आणि पाहुणे. चेहरे कुणी पाहिलेले नव्हते, पण प्रत्येक घराला वाटायचं की हे आपल्याच वाड्यातलं चाललंय.

मग 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन आलं आणि आवाजाला चेहरा आला. सुरुवातीच्या काळात विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील मराठी बातम्या द्यायचे. पुढे ‘ती फुलराणी’ आणि समांतर सिनेमा यांनी दोघींना वेगळ्याच उंचीवर नेलं, पण त्या उंचीचा पाया मला त्या बातम्यांत दिसतो. डोळे कॅमेऱ्यात, कागद हातात, पुढचं वाक्य खाली पाहून उचलायचं आणि वर पाहून बोलायचं. टेलिप्रॉम्प्टरच्या आधी हे कसब होतं. चार दशकं हे कसब निभावलं ते प्रदीप भिडे यांनी. जून 2022 मध्ये ते गेले तेव्हा लोकांनी त्यांच्या आवाजाबद्दल लिहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी आपल्या आईवडिलांबद्दल लिहिलं. संध्याकाळी सातची बातमी म्हणजे घरात सगळे एकत्र बसलेले असायचे, म्हणून.

दूरदर्शनवर ‘ज्ञानदीप’ करणाऱ्या आकाशानंदांचं काम याहून निराळं. कार्यक्रम पाहून गावोगावी प्रेक्षकांनी ज्ञानदीप मंडळं काढली. पडद्यावरचा माणूस पडद्याबाहेर कामाला लावू शकतो, हे त्यांनी दाखवलं.

या सगळ्यांचं काय उरलं आहे, हा प्रश्न मला छळतो. बातम्या थेट जायच्या, त्यांचं ध्वनिमुद्रण होत नसे. टेप महाग होती, म्हणून एकीवरचं पुसून दुसरं भरत. मी स्वतः पाहिलंय: मोठ्या गायकाची मैफल संग्रहात ठेवायची म्हणून तंत्रज्ञ स्पूल फिरवतोय, गाणं सुरू होतं त्या जागी मेणाच्या पेन्सिलीने खूण करतोय, आणि ब्लेडने टेप कापून आधीचं निवेदन बाजूला टाकतोय. दोन-अडीच हात लांबीची तपकिरी पट्टी जमिनीवर पडली. त्या पट्टीवर एका बाईंचा आवाज होता. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि काही बोलल्या नाहीत. तंत्रज्ञाचा दोष नव्हता, त्याला तसंच सांगितलेलं होतं.

आपल्याकडे सन्मान उशिरा होतो, असं म्हणून भागत नाही. गोव्याच्या लिबिया लोबो-सरदेसाईंनी वामन सरदेसाईंबरोबर नोव्हेंबर 1955 पासून सहा वर्षं, आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकजवळच्या जंगलात राहून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. 19 डिसेंबर 1961 ला विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवामुक्तीची बातमी दिली तीही त्यांनीच. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती 2025 मध्ये, वयाची शंभरी पार झाल्यावर. त्या ती घ्यायला होत्या, हे आपलं भाग्य. कॅज्युअल म्हणून पंचवीस-तीस वर्षं पहाटेच्या सभा केलेल्यांना तर निवृत्तीचा समारंभसुद्धा मिळत नाही, कारण कागदोपत्री ते नोकरीत कधी नव्हतेच. एका केंद्रावर आमच्या मानधनाचे धनादेश आठ-आठ महिने अडकायचे. तरी पहाटेची गाडी कुणी रिकामी परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं. श्रोते खवळले, निवेदनं गेली, आणि थोड्याच दिवसांत निर्णयाला स्थगिती मिळाली. रेडिओ आता कोण ऐकतं असं विचारणाऱ्यांना तेव्हा उत्तर मिळालं. त्या लोकांना शाल-श्रीफळाचे कार्यक्रम नको होते, सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याचा आवाज हवा होता. निवेदकांचा याहून मोठा गौरव मी पाहिलेला नाही. त्याला जोडून एक काम केंद्रांनी आजही हाती घेण्यासारखं आहे. जे हयात आहेत त्यांना स्टुडिओत बोलवावं, तासभर बोलतं करावं आणि ती फीत कापू नये. घराघरांतल्या जुन्या कॅसेटींवर गाण्याच्या आधी-मागे सापडणारे आवाज गोळा करावेत. आणि लॉगबुकं रद्दीत घालू नयेत, कारण कोण कधी बोललं याचा दुसरा पुरावा कुठेच नाही.

एका लॉगबुकाचं पान मला पाठ आहे. आमच्या केंद्रावरचे सर्वांत जुने उद्घोषक निवृत्त व्हायचे होते, तेव्हाची तिसरी सभा. आम्ही चार-पाच जण ड्यूटी रूममध्ये थांबलो होतो, वाटलं आज काहीतरी बोलतील. त्यांनी रोजच्यासारखं शेवटचं गाणं लावलं, फेडर वर घेतला आणि रोजच्याच शब्दांत सांगितलं की आमची आजची ही सभा इथे संपते. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. फेडर खाली, लाल दिवा बंद. मग चष्मा पुसून त्यांनी लॉगबुक ओढलं. वेळ: 11 वाजून 10 मिनिटं. पुढे सही. शेऱ्याच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं: प्रसारण वेळेवर संपले.