जुन्या एक्स-रे फिल्मवरील रवाळपणा

जुन्या एक्स-रे फिल्मवरील रवाळपणा पाहून नातेवाईकांना आजाराची शंका येते. म्हणून हा खुलासा आम्ही करीत आहोत.

फिल्मच्या लेपात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. क्ष-किरण पडलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. उरलेले स्फटिक फिक्सर विरघळवितो. हाताने फिल्म धुताना डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला सुमारे ५ मिनिटे वापरण्याचा प्रघात होता. द्रावण अधिक उष्ण असल्यास वा वेळ लांबल्यास चांदीचे कण पुंजक्यांनी दिसतात, फिल्मवर करडी झाक चढते आणि हाडाची बारीक भेग झाकोळू शकते. अपुऱ्या धुण्याने फिल्म कालांतराने पिवळी पडते.

यास्तव जुन्या फिल्म टाकून न देता डॉक्टरांना अवश्य दाखवाव्यात, ही नम्र विनंती. दोष रोगाचा की धुलाईचा, हे त्यांनीच ठरवावे.